कर्जतचा शेवट, खोपोलीचा शेवट

आत्याबाई, यमुना गाडीतून उतरली. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते मानलं नाहीत. आता तुमचं तेरावंही उरकलं, तरी तुम्ही अजून मानलं नसणार याची मला खात्री आहे. सासू गेली की सुनेने तिच्या मायेच्या गोष्टी काढाव्यात आणि पदराने डोळे टिपावेत, अशी रीत आहे. मीही रडले, नाही कशाला म्हणू? पण आपल्या दोघींचा वाद अर्धाच राहिला आहे आणि तो पुरा केल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मोठ्याने म्हणते आहे. चुलीशेजारची तुमची जागा मी कुणाला बसायला दिलेली नाही. तिथूनच ऐका.

परक्या कुणाच्या कानावर हे पडलं तर त्याला वाटेल, ही यमुना आपली नात्यातली. सिनेमातली बाई ती, पडद्यावरची. पण तिच्यावरून आपण इतकं भांडलो, की जेवायला बसताना तिचंही एक पान मांडावं असं तुमचा लेक चेष्टेने म्हणायचा.

मी या घरात सून म्हणून आले, त्याच वर्षी भाताची झोडणी झाल्यावर कर्जतच्या स्टेशनामागे, मोकळ्या खाचरात सिनेमाचा तंबू लागला. मी पनवेलची, मराठी सातवीची फायनल पास झालेली, आधी चार सिनेमे बघितलेली. मनात म्हटलं, चला, सासूबाईंना जगाची गंमत दाखवू. पहिलाच खेळ देवादिकांचा होता. ढगातून देव खाली उतरला, तशा बायका-पुरुषांमध्ये बांधलेल्या दोरीच्या अलीकडच्या साऱ्या बायका हात जोडून उभ्या राहिल्या. एक तुम्ही बसून. माझ्या कानाशी लागलात आणि म्हणालात, "तारे, देवाला घाम आलाय बग काखंत." मी बघितलं, तर खरंच आला होता. त्यानंतर अख्ख्या सिनेमात मला दुसरं काही दिसेना. गंमत दाखवायला मी नेलं होतं, पण दाखवली तुम्ही.

आपला दोष एवढाच की आपण खोपोलीच्या लाइनीवरचे. तंबू कर्जतला, घर केळवलीला, आणि खोपोलीकडे जाणारी शेवटची गाडी खेळ संपायच्या आधी सुटायची. लढाई लागल्यापासून सरकारचा हुकूमच होता, की आधी लढाईच्या बातम्यांची फिल्म दाखवायची, मग खेळ. त्या बातम्यांनी आपलं शेवटचं रीळ खाल्लं. स्टेशनात इंजिनाने शिटी दिली की तंबूत एकच गडबड उडायची. उठा, उठा, शिटी झाली! पागोटी, टोपल्या, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या सावल्या पडद्यावरून सरकायच्या. नायक मरायला टेकलेला, आणि त्याच्या छातीवरून कुणाची तरी मासळीची पाटी चाललेली. कर्जतवाले शिव्या हासडायचे. तंबूवाला कर्णा तोंडाला लावून ओरडायचा, "खोपोलीवाल्यांनी वाकून जावं! वाकून!" आणि तुम्ही मुद्दाम ताठ मानेने चालायच्या. "तिकीट काय वाकून काढलंय व्हय रं?" असं त्याला सुनवायच्याही.

मग गाडीतला खेळ सुरू व्हायचा. पळसदरी येईपर्यंत नुसता गलका. हा म्हणे नायक वाचला, तो म्हणे मेला. गिरणीतले, वीजघरातले, बाजारहाट करून परतणारे, सगळे एकाच डब्यात कोंबलेले आणि सगळ्यांच्या गोष्टीचं शेपूट तुटलेलं. शेवटी कुणीतरी म्हणायचं, "मावशे, तूच सांग गं काय झालं आसंल." तुम्ही तंबाखूची चिमूट दाढेखाली सारायच्या, पदर खोचायच्या आणि सांगायच्या. असेल, झालं असेल, असलं बोलणं नाही. "झालं कसं, सांगते," असं म्हणून तुम्ही थेट आत शिरायच्या. केळवलीला आपण उतरेपर्यंत निकाल लागलेला असायचा आणि गाडी तो निकाल घेऊन खोपोलीला जायची. दुसऱ्या दिवशी तिकडे तोच शेवट चालायचा. असे एकेका सिनेमाला दोन शेवट झाले, कर्जतचा आणि खोपोलीचा. कर्जतचा कुणी खोपोलीच्या बाजारात खरा शेवट सांगायला लागला, तर लोक त्यालाच वेड्यात काढायचे.

मला हे मान्य नव्हतं. आजही नाही. ज्याने सिनेमा काढला त्याचा शेवट तोच खरा. आवडला नाही तर नावं ठेवा, मीही ठेवते, पण पदरचा जोडू नका. दुसऱ्याच्या वेलीला आपला भोपळा बांधून कसं चालेल? मी हे म्हटलं की तुम्ही म्हणायच्या, "त्येनं अर्दं ठिवलं, आमी पुरं केलं. उपकार मान म्हनावं." अर्धं त्याने ठेवलं नव्हतं, आत्याबाई. अर्धं गाडीने ठेवलं होतं.

तो खोकणारा नायक आठवतो? सबंध सिनेमाभर रुमालात खोकत गाणी म्हणत होता. कर्जतच्या शेवटात तो मेला, आणि त्याला मरायलाच हवं होतं. पहिल्या खोकल्यापासून त्याची तयारी चालली होती. तुम्ही त्याला केळवलीच्या आत बरा केलात. "खोकला झाला म्हनून कोन मरतं? आडुळशाचा काढा देयाला घरात कोन बाईमानूस नव्हतं का?" डब्यातल्या बायका मान डोलवत होत्या. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

आणि ते आवणीचं गाणं! नटलेल्या मुली भाताची रोपं लावतात आणि गातात. काय सुरेख चाल होती! तुम्ही भर तंबूत खो खो हसत सुटलात. "आगं, ह्या फुडं चालत आवणी लावतायत! लावलेलं समदं तुडवतायत!" सगळा बायकांचा भाग हसायला लागला आणि गाण्याचं दुसरं कडवं मला ऐकायलाच मिळालं नाही. आवणी मागे सरकत लावतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? चिखलात तुमच्याच शेजारी वाकून शिकले होते मी. पण गाणं म्हणजे शेत नव्हे. मुली मागे सरकल्या असत्या तर त्यांचे चेहरे दिसले नसते आणि ठेका गेला असता. त्या वर्षात बघितलेल्यातलं ते सर्वांत चांगलं गाणं होतं, हे माझं मत तुमच्या हसण्याने तेव्हा बदललं नाही आणि तुमच्या जाण्यानेही बदलणार नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्यापुढे गप्प बसले होते. लढाईच्या बातम्यांत पोरगेले शिपाई बोटीवर चढत होते, हसून टोप्या हलवत होते. सगळे कंटाळून फुटाणे खात होते आणि खेळ कधी सुरू होतो याची वाट बघत होते. तुम्ही पडद्यावरची नजर काढली नाहीत. परतताना डब्यात सिनेमाची चर्चा रंगली, तेव्हा मध्येच म्हणालात, "त्या पोरांचं काय झालं, ते कोन सांगनार?" डब्यात पुन्हा सिनेमाचंच बोलणं निघालं. त्यांचा शेवट तुम्हीही लावला नाहीत.

आता यमुना. तो सिनेमा पौष महिन्यात आला. शेजारची बाई सुईण वेळेवर न मिळाल्याने दगावते, म्हणून यमुना ठरवते की मुंबईला जाऊन दवाखान्यात नर्सचं काम शिकायचं. सासू नाही म्हणते, नवरा मान खाली घालतो. शेवटी ती पेटी घेऊन निघते. एक पाय फलाटावर, एक पाय गाडीच्या पायरीवर, आणि इतक्यात दीर धावत येतो. "वहिनी, आईचा जीव घाबरा झालाय!" आणि शिटी वाजते. आत्याबाई, तेव्हा पडद्यावरच्या गाडीची आणि कर्जत स्टेशनातल्या गाडीची शिटी एकदम वाजली. कुणाला काही कळेचना. आपण सारे खोपोलीवाले ती सिनेमातलीच शिटी समजून आ वासून बसून राहिलो, आणि कर्जतवाल्यांनीच आपल्याला ढोसून उठवलं, "आरं, ती तुमची हाय! पळा!" तुम्ही नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढून धावलात. शेवटच्या डब्याचा दांडा धरून तुमच्या लेकाने आपल्या दोघींना वर ओढलं.

धाप टाकत टाकतच तुम्ही सांगितलंत, "चडली."

"नाही," मी म्हटलं, "उतरली असणार." आणि का ते सांगितलं. यमुना उंबऱ्याबाहेर पडली रे पडली, की सिनेमा काढणारा प्रत्येक वेळी देव्हाऱ्यातली समई दाखवत होता. ज्योत थरथरायची. तो दिवा त्याला विझू द्यायचा नव्हता. असला भित्रा माणूस नायिकेला गावाबाहेर जाऊच देणार नाही. मी हे पुराव्यानिशी सांगत होते, पण डब्यात माझं कोण ऐकतं? सगळे तुमच्या तोंडाकडे बघत होते.

"आन् सासू?" कुणीतरी विचारलं.

"सासवा काय इतक्यात मरत्यात व्हय!" तुम्ही म्हणालात. "उटली म्हातारी. बैलगाडीत बसून टेसनात आली. गाडी हालली तवा खिडकीतून भाकरीचं फडकं तिच्या मांडीवर टाकलं. म्हनली, शिदोरी इसरलीस गं भवाने." डब्यातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते मी तुम्हाला दिसू दिलं नाही. कारण त्याच महिन्यात पुण्याच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं. दोन वर्षं शिकून आले की बोर्डाच्या शाळेत मास्तरीण. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. तुमच्या लेकाला मी विचारलं, तर म्हणाला, "आई म्हणेल तसं." आणि आई यमुनेबद्दल बोलत होती, माझ्याबद्दल नाही.

बोलायला चंद्राकाकी होत्या. तुमच्या चुलत जाऊबाई, माहेर कर्जतचं, तेव्हा कर्जतचा शेवट आपल्या घरात आणायचं काम त्यांच्याकडेच असायचं. दुसऱ्याच आठवड्यात त्या भावाकडून बातमी घेऊन आल्या. "उतरली यमुना. घरी गेली. सासूची सेवा केली." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शाण्या बाया आशाच वागतात." तुम्ही सुपातलं धान्य पाखडत राहिलात. "तुजा भाऊ झोपला आसंल शेवटी," एवढंच म्हणालात. मी मनात म्हटलं, आता तरी म्हणा, की तारा जाईल. तुम्ही म्हणाला नाहीत.

शिमग्यानंतर तुम्ही अंथरूण धरलंत. छातीत कफ भरला, ताप उतरेना. खोपोलीहून डॉक्टर आणला, त्याने लाल औषध दिलं. मी अडुळशाचा काढा दिला, दिवसातून कितीदा तरी दिला. घरात काढा द्यायला बाईमाणूस होतं, आत्याबाई.

चैत्रात तंबूवाला पावसाळ्यापूर्वीचे शेवटचे खेळ करत होता. लोकांनी मागितला म्हणून त्याने यमुनेचा सिनेमा पुन्हा लावला. ते कळल्यावर तुम्ही उशीवरून मान उचललीत. "तारे, तू जा. शेवटपत्तुर बस. चंद्रीच्या माह्यारी रहा आन् सकाळच्या गाडीनं ये. एकदा काय त्यो सोक्षमोक्ष होऊं दे." मी म्हटलं, तुम्हाला असं टाकून? तेव्हा चंद्राकाकीच पुढे झाल्या. त्यांना आपल्या शेवटाची पक्की खात्री होती. "मी बसते हिच्यापाशी. जा, डोळ्यांनी बगून ये."

मी गेले. काकींच्या वहिनीशेजारी बसले. शिटी झाली. सारे खोपोलीवाले उठले, सावल्या पडद्यावरून सरकल्या, वाकून, ताठ, आणि तंबू निम्मा रिकामा झाला. मी एकटी आपल्या लाइनीवरची, जिने शिटी ऐकली आणि बसून राहिली. त्या तंबूत पहिल्यांदाच सिनेमाचं शेवटचं रीळ बघितलं.

भिकार आहे ते, आत्याबाई. माझं मत विचाराल तर सबंध सिनेमा एका बाजूला आणि ते रीळ एका बाजूला. यमुना उतरते. घरी येते. तिला बघून सासू उठून बसते, हात जोडते, दिवा भगभगून पेटतो, भजन लागतं, संपलं. माझा अंदाज अगदी बरोबर निघाला होता, आणि इतकं बरोबर निघाल्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. एक गोष्ट मात्र मी तिथे बघितली, ती तुम्हाला सांगायची राहून गेली. सबंध सिनेमाभर ती नटी तोंडावर उजेड घेऊन उभी राहते, रडतानासुद्धा. पण गाडीच्या पायरीवरून ती उतरते, तेव्हा आपल्याकडे तिची पाठ असते. तेवढ्या एका जागी तिने चेहरा दाखवला नाही. सिनेमा काढणाऱ्याने लपवला की तिने लपवला, ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं तिने. तिलाही ते पटलेलं नव्हतं.

सकाळी आले, तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून वाटच बघत होतात.

"उतरली?"

"उतरली."

"आन् म्हातारी? मेली?"

"नाही. हिला बघून उठून बसली."

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता उबळ आली, मी पाठ चोळली, उबळ थांबल्यावर पुन्हा हसलात. "मंग काय झालं व्हतं तिला? नुसती पडलेली! आगं, उटून बसायचं व्हतं तर गाडी सुटायच्या आदी बसायचं!"

मी हसले नाही. तुमच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, मी यंदा पुण्याला जात नाही."

तुमचं हसू गेलं. माझ्याकडे बघितलंत. "मंग तू बी कर्जतवाली झालीस," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत.

मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये, पण मी रागावले. म्हटलं, सिनेमाचं सोडा, माझं सांगा. जा म्हणायचंय की राहा म्हणायचंय? एकदा सरळ तोंडाने सांगा. तुम्ही वळून चहाचा पेला ओठाला लावलात. मग म्हणालात, "च्यात गूळ कमी पडलाय." मी उठून चहात गूळ घातला. तोच आपला शेवटचा वाद. त्यानंतर तुम्ही बोललात ते पाण्याबद्दल, गुरांबद्दल, लेकाच्या डब्याबद्दल. आणि चैत्र सरता सरता गेलात.

मी सगळे दिवस तुमच्या उशाशी होते. रोज सकाळी वाटायचं, आज मला बघून उठून बसतील. त्या भिकार रिळातली एवढी एकच गोष्ट तुम्ही उचलायला हवी होती. तुम्ही नाही उचललीत. तुमच्या मागे घर इतकं गप्प झालं आहे, की भांड्याला भांडं लागलं तरी मी दचकते.

दहाव्याचे विधी उरकल्यावर वाडीतल्या बायका भेटायला बसल्या होत्या. चंद्राकाकींनी विषय काढला. "आता ह्या घरात सांजचा दिवा लावनारं दुसरं कोन हाय? ताराला काय पुन्याला धाडता?" बायका माना हलवत होत्या. तुमचा लेक पडवीत खांबाला टेकून उभा होता. तो काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. आता त्याला "आई म्हणेल तसं" एवढंही म्हणता येत नव्हतं.

मग काकी म्हणाल्या, "तूच सांग तारा, तू डोळ्यांनी बगून आलीस. यमुनेनं काय केलं? समद्यांना सांग."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ज्या खोपोलीच्या शेवटावर रडल्या होत्या त्याही, आणि ज्यांनी कर्जतचा ऐकला होता त्याही. माझ्याइतकी खात्रीची साक्षीदार वाडीत दुसरी नव्हती. सिनेमाच्या बाबतीत मी कधी एक अक्षर पदरचं घातलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "चढली."

"काय?"

"चढली. गाडी हलली. सासू बैलगाडीत बसून स्टेशनात आली आणि खिडकीतून शिदोरी दिली."

काकी ताडकन उठल्या. "आगं खोटं! माजी वैनी व्हती तुज्या बाजूला!"

"त्या शेवटी डोळे पुसत होत्या, काकी. त्यांना दिसलं नसेल."

कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. एकीने हुंदका दिला, "मावशी सांगत व्हती तसंच झालं की गं." आणि मग सगळ्याच तुमच्याबद्दल बोलायला लागल्या. मी खोटं बोलले, आत्याबाई, तुमच्या दहाव्याला, भरल्या घरात, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. वाद मात्र मी हरलेले नाही. सिनेमा त्या माणसाचा आणि शेवटही त्याचाच, हे मी अजून म्हणते. पण यमुना एकट्या त्याची नव्हती. तुम्ही तिच्यासाठी धावत गाडी पकडली होतीत, तुमचाही तिच्यावर थोडा हक्क होता. आणि सगळ्या वाडीसमोर एकदा चढली म्हटल्यावर मला कुठलं तोंड राहिलं उतरायला?

दुसऱ्या दिवशी तुमच्या लेकाने माळ्यावरून माझी लग्नातली पेटी खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. मी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणाला, "आईनं सांगितलंच होतं की, गाडीत." तुमच्या लेकाला एवढं साधं समजलं होतं, आणि मी तुमच्याकडून सरळ तोंडाने ऐकायचं म्हणून हट्ट धरून बसले होते. तरी एकदा म्हणाला असतात, तर काय झालं असतं? "तारे, जा." दोनच शब्द. ते मला हवे होते. अजून हवे आहेत.

काल संध्याकाळी चंद्राकाकी आल्या. हातात फडकं. भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी. "वैनीनं मला खरं काय त्ये सांगितलंय, बरं का," म्हणाल्या. मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. त्यांनी फडकं माझ्या पेटीवर ठेवलं. "माह्यार कर्जतचं आसलं तरी मी दिलेली खोपोलीच्या लाइनीवर हाय. दिवा मी लावीन. जा तू." आणि ओट्यावर बसून तुमच्या नावाने रडल्या.

आज सकाळच्या गाडीने निघते. तुमचा लेक कर्जतपर्यंत सोडायला येणार आहे. तंबू गेला, त्या खाचरात आता पेरणीआधीचा राब भाजून काळी राख पसरली असेल. कर्जतला गाडी बदलायची, पुण्याची पकडायची. घाट चढायच्या आधी गाडी तिथे बराच वेळ थांबते. मी खिडकीशी बसेन, फडकं मांडीवर घेऊन. मग शिटी होईल. आपल्या लाइनीवरच्या माणसाचे पाय शिटीला आपोआप उठायला बघतात. माझेही बघतील. पण आत्याबाई, मी बसून राहणार आहे.